खिशात मावते, म्हणून हाताला पेलते असे नाही

अमेरिकेत पहिल्यांदाच पिस्तूल घ्यायला निघालेल्या माणसाला, आणि ती स्त्री असेल तर हमखास, एकच सल्ला मिळतो: सर्वांत लहान घ्या. दुकानातला विक्रेता तेच सांगतो, घरातला जाणता म्हणवणारा पुरुष तेच सांगतो, शूटिंग रेंजवर चार वेळा जाऊन आलेला सहकारीही तेच सांगतो. त्यामागचा युक्तिवाद ऐकायला सरळ आहे. लहान पिस्तूल खिशात किंवा पर्समध्ये मावते, दिसत नाही, ओझे होत नाही, त्यामुळे रोज जवळ राहते. काडतूस छोटे, म्हणून झटकाही कमी. शिवाय प्रसंग आलाच तर हल्लेखोर हाताच्या अंतरावर असतो, तिथे नेमबाजीचे कौशल्य कशाला हवे?

हा सल्ला मुळातच चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. खिशातले पिस्तूल चालवायला सर्वांत अवघड असते. ते मुरलेल्या हाताचे हत्यार आहे, आणि नवशिक्याच्या हाती ते 'सोपे' म्हणून देणे ही दिशाभूल आहे, देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. शस्त्र बाळगावे की बाळगू नये, हा याहून मोठा प्रश्न. तो ज्याचा त्याने सोडवायचा. पण बाळगायचे ठरलेच असेल, तर 'लपते का?' हा पहिला प्रश्न असू शकत नाही. 'मला हे नीट चालवता येते का?' हाच पहिला प्रश्न.

ही चर्चा आज निकडीची का झाली आहे, तेही पाहू. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा घटनादत्त हक्क ठरवला. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा राज्यांत परवान्यासाठी विशेष कारण दाखवण्याची अट होती; ती सोडावी लागली. दुसरीकडे २९ राज्यांत आता परवान्याशिवायच पिस्तूल लपवून बाळगता येते. टेक्सासमध्ये हे सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाले. परवाना सक्तीचा नाही म्हणजे त्यासोबतचा प्रशिक्षणवर्गही सक्तीचा नाही. अशा वेळी काउंटरवर मिळालेला सल्ला हेच अनेकांचे पहिले आणि शेवटचे शिक्षण ठरते. तो सल्ला चुकीचा असेल तर ती चूक दुरुस्त करायला पुढे कुणी भेटत नाही.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी घेऊ. घरी कपाटात राहिलेल्या उत्तम पिस्तुलापेक्षा जवळ असलेले साधारण पिस्तूल बरे, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने बनवलेल्या एकबारी छोट्या पिस्तुलांना, १९०८ मध्ये जॉन ब्राउनिंगच्या रचनेवरून निघालेल्या कोल्टच्या .३८० बोअरच्या पॉकेट मॉडेलला आणि अगदी अलीकडे २००८ मध्ये आलेल्या रुगर एलसीपीला जो खप मिळाला, तो याच गरजेतून. हॉस्पिटलचा ढगळ गणवेश घालणारी नर्स कमरेला पट्टा बांधू शकत नाही. गणवेशातल्या पोलिसाला मुख्य पिस्तूल निकामी झाले तर हाताशी दुसरे लागते. त्यासाठी स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे वापरात आहे. अशांसाठी लहान पिस्तूल ही समजून-उमजून केलेली तडजोड असते. माझा आक्षेप तडजोडीला नाही. तडजोडीलाच आदर्श निवड म्हणून गळ्यात मारण्याला आहे.

आता 'झटका कमी' या दाव्याकडे वळू. सगळ्या युक्तिवादात हाच सर्वांत चुकीचा आहे आणि त्यावरच लोक सर्वांत जास्त विश्वास ठेवतात. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग पिस्तुलाला मागे ढकलतो. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचे वजन निम्मे केले, तर पिस्तूल दुप्पट वेगाने मागे येते आणि झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. न्यूटनच्या नियमातून हे थेट निघते. ब्रँडमुळे किंवा जाहिरातीमुळे त्यात फरक पडत नाही. रुगर एलसीपीचे रिकामे वजन सुमारे २७० ग्रॅम. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये आणलेल्या शील्ड ईझीचे सुमारे ५२० ग्रॅम. दोन्हीत .३८० चेच काडतूस. म्हणजे छोट्या पिस्तुलाचा झटका मोठ्याच्या जवळपास दुप्पट. त्यात छोट्याची मूठ जेमतेम दोन बोटांची असते, त्यामुळे तो झटका तळहातभर पसरण्याऐवजी अंगठ्याच्या बेचक्यात एकवटतो. पहिली गोळी सुटते, पकड ढिली होते, दुसऱ्या गोळीआधी हात पुन्हा जमवावा लागतो. पन्नास गोळ्या झाडल्यावर तळहात ठणकू लागतो आणि नवशिका सराव थांबवतो. जे पिस्तूल सराव करू देत नाही, ते शिकणाऱ्याला सोपे कसे?

पकड ढिली राहिली तर आणखी एक अडचण येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, पूर्ण मागे जाऊन नवे काडतूस उचलायला मूठ घट्ट धरलेली असावी लागते. मनगट सैल राहिले की स्लाइडची फेरी अपुरी राहते आणि काडतूस मध्येच अडकते. हलक्या पिस्तुलात हे अधिक सहज घडते, कारण मागे धावणाऱ्या स्लाइडला धरून ठेवायला खाली पुरेसे वजनच नसते.

ट्रिगरचेही गणित तसेच आहे. पाच गोळ्यांच्या छोट्या हॅमरलेस रिव्हॉल्व्हरचे वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, पण त्याचा ट्रिगर ओढायला पाच किलोहून अधिक जोर लागतो. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या बारापट बळ एका बोटाने, आणि तेही वस्तू तसूभर न हलवता, लावायचे. कसलेल्या नेमबाजालाही हे कष्टाने साधते. नवशिक्याची नळी ट्रिगरबरोबर खाली किंवा बाजूला झुकणारच.

आणि नेम? लहान पिस्तुलाचे नेम धरायचे साइट अनेकदा स्लाइडमध्येच कोरलेले, बारीक, मंद उजेडात न दिसणारे असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन साइटमधले अंतर कमी असते. समजा हे अंतर १० सेंटिमीटर आहे आणि पुढचा साइट फक्त १ मिलिमीटरने चुकला. ७ मीटरवर गोळी ७ सेंटिमीटरने चुकेल. हेच अंतर १५ सेंटिमीटर असते तर चूक पावणेपाच सेंटिमीटरच्या आत राहिली असती. चूक हाताची तीच, शिक्षा मात्र दीडपट.

यावर उत्तर येते: 'एवढ्या जवळून नेम लागतोच.' मग पोलिसांचा अनुभव पाहा. रँड या संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील गोळीबारांचा अभ्यास केला होता. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या १०० पैकी सरासरी १८ गोळ्याच लक्ष्यावर लागल्या होत्या. ही प्रशिक्षित माणसे होती, हातात पूर्ण आकाराची सेवा-पिस्तुले होती आणि बरेचसे प्रसंग जवळच्या अंतरावरचे होते. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी काही पावलांवरून १६ गोळ्या झाडल्या. हल्लेखोर मारला गेला, पण रस्त्यावरचे नऊ जण पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा उडालेल्या तुकड्यांनी जखमी झाले. अंतर कमी झाल्याने भीती कमी होत नाही. उलट हात जास्त कापतो, नजर अरुंद होते, हातातली वस्तू अनोळखी वाटू लागते. आणि चुकलेली प्रत्येक गोळी कुठे तरी जाऊन लागतेच. तिचा हिशेब कायदा झाडणाऱ्याकडे मागतो, पिस्तूल लहान होते ही सबब तिथे चालत नाही.

छोट्या काडतुसाचीही मर्यादा आहे. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले. हल्लेखोराला आरंभीच लागलेली एक गोळी हृदयापर्यंत पोहोचली नव्हती. त्यानंतर एफबीआयने गोळ्यांच्या चाचणीचा दंडक ठरवला: जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर शिरली पाहिजे. पावणेतीन इंचांच्या नळीतून सुटलेली .३८० ची पसरणारी गोळी अनेकदा तितकी खोल जात नाही, आणि जी जाते ती अनेकदा पसरत नाही. याचा अर्थ .३८० निरुपयोगी आहे असा नाही. याचा अर्थ एवढाच की अशा पिस्तुलाला गोळी नेमक्या जागी लागण्याची गरज इतरांपेक्षा जास्त असते. आणि नेमकी जागा साधणे याच पिस्तुलाला सर्वांत अवघड जाते.

इथे स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. 'हात लहान, ताकद कमी, म्हणून पिस्तूल लहान' हे समीकरण वरवर काळजीचे वाटते, पण त्यात ऐकणारीला कमी लेखले आहे. तिला काय पेलते हे तिला चालवायला न देताच ठरवलेले असते. ज्या हाताची पकड कमी, त्याला मूठ पूर्ण, वजन थोडे जास्त आणि स्प्रिंग मऊ असलेले पिस्तूल हवे. हे कारखान्यांनाही उमगले आहे. शील्ड ईझी मनगटाची ताकद कमी असलेल्यांसाठी, स्लाइड सहज मागे यावी म्हणून मुद्दाम घडवले गेले, आणि ते खिशात मावणाऱ्या पिस्तुलांपेक्षा मोठे आहे.

'स्त्रीसाठी लहान' हे समीकरण आपल्याकडेही दिसले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 'निर्भीक' हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर 'महिलांसाठी' म्हणून बाजारात आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. त्याचे काडतूस सौम्य आहे, त्यामुळे झटक्याचा आक्षेप तिथे फारसा लागू नाही. आक्षेप त्यामागच्या विचाराला आहे. पर्समध्ये मावते यालाच त्याचा मोठा गुण मानले गेले. परवाना कितीजणींना मिळेल, सराव कुठे करायचा, पर्सच्या तळातून ते किती सेकंदांत निघेल, हे प्रश्न मागे राहिले. आकार आणि वजन कमी केले की सुरक्षितता आपोआप वाढते, ही समजूत कानपूरची असो वा टेक्सासची, सारखीच पोकळ आहे.

पर्स आणि खिसा या जागांकडेही डोळे उघडून पाहायला हवे. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतील हेडन गावी एका मोठ्या दुकानात खरेदी करताना एका आईच्या पर्समधल्या पिस्तुलापर्यंत तिच्या दोन वर्षांच्या मुलाचा हात पोहोचला आणि तिचा जागीच मृत्यू झाला. ती पर्स पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली, वेगळा कप्पा असलेली होती. पर्स खांद्यावरून उतरते, ट्रॉलीत ठेवली जाते, हिसकावली जाते. शस्त्र मात्र एका क्षणासाठीही ताब्याबाहेर जाता कामा नये. फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये होल्स्टरशिवाय कमरेला खोचलेले पिस्तूल घसरताना पकडायला गेला आणि स्वतःच्याच मांडीत गोळी घालून बसला. त्याला दोन वर्षांची कैद झाली. ते पिस्तूल लहान नव्हते, पण धडा खिशालाही लागू आहे: ट्रिगर पूर्ण झाकणारे होल्स्टर नसेल तर पिस्तूल जवळ बाळगूच नये. खिशासाठी वेगळे होल्स्टर मिळते. त्या खिशात किल्ली, नाणे, रुमाल काहीही नको. शिवाय गाडीत सीटबेल्ट लावून बसलेल्याला पँटच्या खिशातले पिस्तूल काढता येत नाही, हे घेण्याआधीच करून पाहावे. एक फायदा मात्र मान्य करतो: खिशात हात घालून उभे राहिलेल्या माणसाकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण एवढ्या एका फायद्यासाठी बाकीचे सगळे पणाला लावावे, इतका तो मोठा नाही.

'जवळ आहे हेही विसरायला होते,' असे हलक्या पिस्तुलाचे कौतुक केले जाते. मला तर याच वाक्याची सर्वांत जास्त भीती वाटते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीत प्रवाशांकडून ६,७३७ बंदुका-पिस्तुले पकडली गेली. त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या भरलेली होती. पकडलेल्यांचे नेहमीचे उत्तर एकच: बॅगेत आहे हे विसरलो. आणि विसरण्याची किंमत राज्याच्या सीमेबरोबर बदलते. पेनसिल्व्हेनियाचा परवाना नदीपलीकडच्या न्यू जर्सीत चालत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक महिला स्वतःच्या राज्याचा वैध परवाना आणि पिस्तूल घेऊन न्यू जर्सीत शिरली. पोलिसांना तिने स्वतःहून सांगितले, तरी तिच्यावर काही वर्षांच्या कैदेची टांगती तलवार आली. २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली तेव्हा ती सुटली. न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. त्याआधीचेही एक सांगायला हवे, कारण काउंटरवरचा सल्लागार ते सांगेलच असे नाही: एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, बंदूक बाळगण्यासच बंदी आहे. पिस्तूल केवढे हा प्रश्न ग्रीन कार्डनंतरचा. आणि भारतात येताना सामानात चुकून राहिलेले एक काडतूसही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. लहान वस्तू विसरली जाते, आणि शस्त्र ही विसरण्याची वस्तू नाही.

शेवटचा बचाव उरतो तो लपवण्याचा: 'मोठे पिस्तूल उन्हाळ्यात टी-शर्टखाली लपतच नाही.' हा मुद्दा २००८ मध्ये बऱ्याच अंशी खरा होता. आज नाही. २०१८ मध्ये आलेले सिग पी-३६५ एलसीपीपेक्षा लांबीला जेमतेम दीड सेंटिमीटर आणि उंचीला पावणेदोन सेंटिमीटर जास्त आहे. त्यात .३८० च्या ६ अधिक १ ऐवजी ९ मिलिमीटरच्या १० अधिक १ गोळ्या बसतात, मूठ नीट धरता येते आणि साइट दिसतात. झटका एलसीपीहून फारसा वेगळा नाही, काडतूस मात्र बरेच जोरकस. कडक पट्टा, चांगले होल्स्टर आणि एक माप सैल शर्ट, एवढ्यावर ते दिवसभर लपते. आता हे दोन सेंटिमीटर वाचवण्यासाठी नवशिक्याला सगळ्यात अवघड पिस्तूल घ्यायला लावणे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

मग निवड कशी करावी? विकत घेण्याआधी रेंजवर जावे. बऱ्याच रेंजवर पिस्तुले भाड्याने मिळतात. सुरुवात .२२ बोअरपासून करावी, कारण त्याला झटका जवळजवळ नसतो आणि चुका स्पष्ट कळतात. मग वेगवेगळ्या आकारांची तीन-चार पिस्तुले चालवून पाहावीत. स्लाइड दहादा विनासायास मागे येते का? ७ मीटरवरच्या ताटाएवढ्या वर्तुळात पाच गोळ्या सलग, घाई न करता बसतात का? पन्नास गोळ्यांनंतरही हात शाबूत आहे का? या कसोट्यांना जे उतरेल, त्यांतले आपल्या कपड्यांत लपणारे सर्वांत लहान घ्यावे. क्रम हाच: आधी हात, मग खिसा. ज्याला याहून लहानाची खरीच गरज आहे, त्याने ते घ्यावे, पण महिन्याला त्याच पिस्तुलाने सराव करण्याची तयारी असेल तरच. घरात मूल असेल तर अंगावर नसलेले पिस्तूल कुलूपबंद पेटीतच राहील, ही अट सगळ्यांना सारखीच.

सल्ला देणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, ज्याच्यावर प्रेम आहे त्याला हातात मावेल एवढी पेटी भेट देऊन मोकळे होऊ नका. त्याला रेंजवर घेऊन जा, त्याच्या हाताला काय पेलते ते पाहा आणि त्याला नकार देण्याची मुभा ठेवा. चालवून पाहिल्यावर त्याने 'मला हे नकोच' असे ठरवले, तर तो निर्णयही तितकाच सन्मानाचा. लहान पिस्तुलाने जबाबदारी लहान होत नाही. ती पूर्ण आकाराचीच राहते, आणि ती पेलण्याची तयारी नसलेल्याला कोणत्याच आकाराचे पिस्तूल सुरक्षित ठेवू शकत नाही.